रक्तगट जुळला नाही, म्हणून संशय नको!

'खाण तशी माती' ही म्हण आपण सर्रास वापरतो. मूल आईबापांसारखेच निघणार, असा तिचा अर्थ घेतला जातो. आनुवंशिकतेचे गणित मात्र इतके सरळ नाही. ते न समजल्यामुळे एखाद्या निरपराध सुनेवर बालंट येऊ शकते.

मुळशी तालुक्यात रुग्ण तपासताना मला वरचेवर विचारले जाते, "डॉक्टर, बापाचा रक्तगट ए, आईचा बी, मग बाळाचा ओ कसा?" प्रत्येकाजवळ रक्तगटाची दोन जनुके असतात, एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. ए किंवा बी सोबत ओ असेल तर तो झाकलेला राहतो. दोघांकडूनही हा झाकलेला ओ बाळाला मिळाला, की बाळाचा गट ओ होतो. यात संशयाला जागा नाही.

याहून विलक्षण उदाहरण आपल्या मुंबईचे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दुर्मिळ रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. तोच 'बॉम्बे' रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो ओ भासतो. पण अशा व्यक्तीकडे ए किंवा बी चे जनुक दडलेले असू शकते आणि ते मुलात प्रकट होऊ शकते. या व्यक्तींना साधे ओ रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचेच लागते. म्हणून रक्तपेढीतील सविस्तर तपासणी महत्त्वाची.

दुसरा गैरसमज : नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुले सदोष होतात. हे साफ चूक आहे. केवळ यासाठी ठरलेले लग्न मोडू नका. पत्नी आरएच निगेटिव्ह व पती पॉझिटिव्ह असल्यास मात्र डॉक्टरांना आधीच सांगावे. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. त्यामुळे पुढच्या बाळाचा धोका टळतो.

लग्नाआधी खरी गरज आहे ती थॅलेसेमियाच्या रक्ततपासणीची. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमिया मायनर असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब करू नये. दर वेळी शक्यता तेवढीच राहते. मायनर व्यक्ती स्वतः रुग्ण नसते, तिला कमी लेखू नये.

पत्रिका अवश्य पाहा. पण त्याआधी दोघांचे रक्त तपासून घ्या.