तळ्यावर आधी जा, बाकीचं नंतर बघू

ती सुट्टीची यादी आधी बाजूला ठेव बघू. पोहण्याचा क्लास, अबॅकस, रोबोटिक्सचा कॅम्प, शनिवारी इमॅजिका, रविवारी राणीची बाग, मध्ये चार दिवस आजोळ आणि जमलं तर महाबळेश्वर. अगं, वाचूनच धाप लागते! तुझ्या ऑफिसला सुट्टी नाही, नवऱ्याच्याही नाही, पाळणाघरवाल्या काकू मे महिन्यात गावाला जाणार आणि शाळेला मात्र कुलूप. पोटात गोळा येणारच. पण वर्षभर सकाळची स्कूल बस, डबे, युनिट टेस्ट आणि धाकटीचा सर्दी-खोकला हे सगळं तूच निभावतेस ना? मग दोन महिन्यांची सुट्टीसुद्धा निभावशील. फक्त सुरुवात दुसऱ्या टोकाकडून कर.

आधी ठिकाणं ठरवायची आणि मग मुलांना त्यात कोंबायचं, हे नको. ऊन, भूक आणि झोप, या तिघांच्या वेळा आधी मांड. त्यातून जो वेळ उरेल त्यात बसेल तेच ठिकाण आपलं. सहा वर्षांचा मोठा आणि तीन वर्षांची धाकटी असलेल्या घरात हा वेळ म्हणजे सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. एवढासाच वाटतो, पण सीवूड्समध्ये राहणाऱ्यांना तो पुरतो. इथे चांगल्या गोष्टी दाराशीच आहेत आणि आपण लांबच्या जाहिराती बघत बसतो.

सगळ्यात आधी डीपीएसचं तळं. होय, तेच, शाळेजवळचं, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या बाजूचं. फ्लेमिंगो बघायला लोक कुठून कुठून कॅमेरे घेऊन येतात आणि तुझी मुलं रिक्षाने दहा मिनिटांवर राहतात. हे काम एप्रिलमध्येच उरकून घे, कारण पावसाच्या आधी हे पक्षी निघून जातात. आणि बघ, नुसतं सकाळी उठून गेलं की ते दिसतातच असं नाही. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिकडे जेवायला जातात. भरतीचं पाणी चढलं की तिथे उभं राहायला जागा उरत नाही, मग ते तळ्यांकडे, पाणथळींकडे येतात. म्हणून आपण जायचं ते भरतीला.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेबही तुला सांगून ठेवते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज येतो. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते. वेळ छान वाटते, पण ती भांगाची भरती, तिला पाणी फारसं चढत नाही आणि पक्षी खाडीतच रेंगाळू शकतात. लहान मुलांना घेऊन जायला दशमी ते द्वादशीची सकाळ मला सगळ्यात सोयीची वाटते. हा पाऊणपटीचा हिशेब मोठ्याला करायला लाव. पाढे म्हणायला कुरकुर करणारा मुलगा हे गणित आवडीने करतो.

तिथे गेल्यावर घाई करू नकोस. एकच पक्षी निवडून त्याच्याकडे बघायला सांग. तो मान खाली घालतो, चोच चक्क उलटी करून पाण्यात बुडवतो आणि पाणी गाळून शेवाळ नि बारीकसारीक जीव तेवढे आत घेतो. पिसांचा गुलाबी रंग त्याच खाण्यातून येतो. थव्यात काही मळकट करड्या रंगाचे दिसतील. धाकटी नक्की विचारेल की हे आंघोळ करत नाहीत का. तिला सांग, ते अजून लहान आहेत, खाऊन खाऊन गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. त्या दिवशी जेवायला बसल्यावर या उत्तराचा फार उपयोग होतो बघ.

निघण्याआधी दोघांना बाथरूमला नेऊन आण. तळ्यावर ओरडायचं नाही, पाव-बिस्किटं टाकायची नाहीत, चिखलात उतरायचं नाही, हे घरूनच बजावून ने. ऊन चढलं की लगेच परत. वाटेत इडली घेतलीस तर घरी नाश्त्याचा घोळही नाही.

मोठ्याला आणखी एक गोष्ट सांग, त्याला ती कळेल. २०२४ च्या उन्हाळ्यात या तळ्यात खाडीचं पाणी येणं अडलं, तळं सुकत गेलं आणि काही पक्षी दगावले. तेव्हा इथल्या रहिवाशांनी आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्यांनी आवाज उठवला. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. आपल्या गल्लीतली माणसं बोलली म्हणून काहीतरी बदललं, हे मुलांनी लहानपणीच ऐकावं असं मला मनापासून वाटतं. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीची फेरीही असते, तिची वेळसुद्धा भरतीवरच ठरते. पण धाकटीला अजून एक वर्ष मोठं होऊ दे.

आता उन्हाचं. इथे मी जरा दटावूनच बोलणार आहे. आपल्याकडे पारा नागपूरसारखा चढत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर एका कार्यक्रमाला भर उन्हात बसलेली मोठी माणसं उष्माघाताने गेली, आपल्यापासून काही स्टेशनांवर. तेव्हा अकरा ते साडेचार मुलं सावलीत, हा घरचा नियम. वाढदिवसाचं आमंत्रण असो की क्रिकेटचा कॅम्प, नियम मोडायचा नाही. दुपारी उघड्या मैदानावर चालणाऱ्या कॅम्पला, कितीही नावाजलेला असला तरी, सरळ नाही म्हण.

मूल गप्प गप्प झालं, चिडचिड करायला लागलं, तोंड सुकलं किंवा बऱ्याच वेळात शू झाली नाही, तर ते दमलंय म्हणून सोडून देऊ नकोस. पाणी कमी पडतंय त्याला. पिशवीत ओआरएसची पाकिटं ठेवच. घरी करायची वेळ आली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकायचं नाही, चमच्यानेच मोजायचं. आणि अंग तापलंय, मूल ग्लानीत आहे, असं दिसलं तर पन्ह्याच्या आणि वाळ्याच्या भानगडीत न पडता थेट डॉक्टरकडे. 'दोन मिनिटांत येते' म्हणून उभ्या गाडीत मुलांना ठेवून दुकानात जायचं नाही, काच खाली असली तरी नाही.

एरवी पन्हं, कोकम सरबत, ताक हे चालू दे. ताडगोळे दिसले की घे. ते सोलायला मुलांना दिलेस तर अर्धा तास शांतता मिळते, फक्त जुने कपडे घाल, डाग जात नाहीत. हापूस मात्र मे उजाडेपर्यंत बेताने आण. तोवर वाशी मार्केटला आवक वाढते, भाव उतरतो आणि मुलांना पोटभर देता येतात.

संध्याकाळचं तुला काय सांगायचं! ज्वेल ऑफ नवी मुंबईत तळ्याकाठी सायकल किंवा नुसतं पळणं, नेरुळचं रॉक गार्डन, सोसायटीतली लपाछपी. वंडर्स पार्कला जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि छोटी गाडी आहे, पण शनिवार-रविवारी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी त्याला ऑफिसातून लवकर यायला सांग आणि जा. दुपारी अगदीच असह्य झालं तर स्टेशनवरच्या मॉलमध्ये थंडाव्याला बसलीस म्हणून तू वाईट आई होत नाहीस. आत शिरण्याआधी काय घ्यायचं नि काय नाही ते मुलांशी ठरव, म्हणजे रडारड टळेल.

मोठी सहल एकच हवी असेल तर उरणची लोकल पकड. जानेवारी २०२४ पासून गाडी थेट उरणपर्यंत जाते आणि नेरुळहून सुटणारी गाडी आपल्या सीवूड्स-दारावेला थांबते. तरघर, बामणडोंगरी, खारकोपर करत जाताना खाडीचं पाणी, खारफुटी, विमानतळाचा परिसर, बंदराकडे निघालेले कंटेनर हे सगळं खिडकीतून सरकत जातं. पाचच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. गाड्या मात्र आपल्या हार्बरसारख्या दर पाच-दहा मिनिटांनी नसतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेव. उरणला उतरून रिक्षाने पीरवाडीच्या किनाऱ्यावर जाता येतं, नाहीतर स्टेशनावर डबा खाऊन त्याच वाटेने परत ये. मोठ्या माणसांना ठिकाण लागतं गं, तीन वर्षांच्या मुलीला गाडीच पुरते.

राणीची बाग जमलीच तर एखाद्या आडवारी, बुधवार सोडून, कारण बुधवारी ती बंद असते. कुर्ल्याला गाडी बदलून भायखळा. बाबागाडी घरी ठेव, कुर्ल्याच्या जिन्यांवर ती कोण उचलणार? उघडायच्या वेळेला पोहोचून पेंग्विन आधी बघून घे, म्हणजे रांगेत अडकायला होणार नाही.

आणि एक बालनाट्य दाखवच. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आपल्याला किती जवळ आहे! सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं, रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण तर अजून मुलांना घाबरवते नि हसवते. घरात इंग्रजी कार्टून चालू असताना समोर जिवंत माणसं मराठीत भांडतायत, गातायत, हे मुलांना बघू दे. धाकटीसाठी कडेची खुर्ची घे. ती रडली तर तिला घेऊन बाहेर जा, मोठ्याला बसू दे.

कॅम्पचं विचारशील तर एकच, जवळचा, सकाळचा आणि दोन आठवड्यांचा. तुझ्या सकाळच्या मीटिंगा त्या वेळेत बसव. पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन पंखे, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह बघून ये. किती मुलांमागे एक ताई आहे ते विचार. उत्तर द्यायला कुरकुर केली तर दुसरीकडे बघ. शेजारणीने चार कॅम्प घातले म्हणून तू घालायची गरज नाही. दुपारी दोघं कंटाळली तर कंटाळू देत. जुनी चादर, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि जेवणाच्या टेबलाखालची जागा द्यायची नि तू लॅपटॉप उघडायचा. मोबाइल देणार असशील तर वेळ ठरवून दे. त्याबद्दल रोज स्वतःला कोसत बसू नकोस.

सासूबाई-सासरे येणार आहेत ना? त्यांच्यावर दिवसभर दोन्ही मुलं सोपवू नकोस गं. सत्तरीच्या माणसाला तीन वर्षांच्या मुलीमागे धावणं झेपत नाही आणि ते तोंडाने सांगत नाहीत. महिनाभर दुपारपुरती एखादी ताई लाव. तो पैसा महाबळेश्वरच्या हॉटेलातून काढ. आजी गोष्टी सांगेल, आजोबा पत्ते शिकवतील, धावपळ ती ताई करेल. आजोळी जायचं तर एसटीचा विचार कर. मार्च २०२३ पासून आपल्या बायकांना निम्मं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं आणि पनवेलहून कोकणात जाणाऱ्या गाड्या भरपूर. पण मे महिन्यात आरक्षण लवकर भरतं, ते आजच करून टाक.

आणि आता नीट ऐक. रविवारची सकाळ त्याची. मुलांना उठवणं, दात, दूध, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्याने करायचं आणि दोघांना घेऊन ज्वेलला जायचं. तू दारात उभी राहून सूचना द्यायच्या नाहीत. टोपी उलटी घातली असेल तर असू दे. दार लावून घे, चहा कर आणि तो गरम असताना पी. दोन तास कुणी फोन करणार नाही असं त्याला आधीच बजावून ठेव, नाहीतर पंधराव्या मिनिटाला 'रुमाल कुठे आहे' म्हणून फोन येईलच.