‘मस्ट’ लिहिण्याआधी

पोरी, प्रत्येक पॅकेजात टेस्ट असलीच पाहिजे, हा नियम डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॉलिसीत, म्हणजे पॅकेजांच्या नियमावलीत, घालायचा तुझा मसुदा दोनदा वाचला. तळमळीने लिहिलायस. पाठवण्याआधी माझं थोडं ऐक. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

आधी त्या एका शब्दाकडे बघ. पॉलिसीत ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ हे शब्द तोलूनमापून वापरतात. ‘मस्ट’ मोडला की बग ‘सीरियस’ ठरतो, आणि तसा बग मिटला नाही तर पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीतून गळू शकतं. म्हणजे नोकरी सांभाळून रात्री कुणीतरी जपलेलं काम तुझ्या एका शब्दाने बाहेर पडेल. डेबियन १२ मध्ये ६४ हजारांवर पॅकेजेस होती. त्यांतल्या किती पॅकेजांना आज टेस्ट नाही, हे मोजलंस का? मोजल्याशिवाय ‘मस्ट’ लिहू नकोस. आणि नुसत्या देवनागरी फॉन्टच्या पॅकेजात, जिथे चालवायला प्रोग्रामच नाही, तिथे टेस्टने नेमकं काय तपासायचं तेही लिही. हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार.

पॉलिसीत बहुतेक वेळा आधीच रुळलेली रीत लिहिली जाते. आधी शंभर जण तसं करायला लागतात, त्यातल्या अडचणी निघतात, मग वाक्य पक्कं होतं. म्हणून दहा-वीस पॅकेजांना टेस्ट लिहून पॅचेस पाठव. त्यातले किती घेतले गेले आणि नाकारणाऱ्यांनी काय कारण दिलं, हे मसुद्यासोबत जोड. नुसत्या काथ्याकुटाने कुणाचं मत बदललेलं मी फारसं पाहिलं नाही. चालणाऱ्या पॅचने बदललेलं पाहिलंय.

जुना नियम जाचक वाटला, तर तो कुणाच्या अडचणीतून आला ते शोध. सुरुवातीला माझ्या एका पॅकेजाची स्क्रिप्ट ‘एटसी’ फोल्डरमधली सेटिंगची फाईल प्रत्येक अपग्रेडला नव्याने लिहायची. एका कॉलेजच्या लॅबमध्ये तिथल्या माणसाने हाताने केलेले बदल त्यात पुसले गेले. सबमिशनचा दिवस, प्रिंटर बंद, पोरं दारात उभी. त्याने फोन करून एवढंच विचारलं, ‘‘माझी फाईल तुम्ही का बदललीत?’’ मला उत्तर देता आलं नाही. मशीन सांभाळणाऱ्याने केलेले बदल अपग्रेडमध्ये टिकलेच पाहिजेत, हे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं होतं. पॅकेज बसवणारं डीपीकेजी विचारतं ना, तुमची फाईल ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं की जुनीच राहते. तो प्रश्न अशाच माणसासाठी आहे. वाद घालताना मला तो फोन आठवतो.

‘नोड’चा वादही नीट वाचून काढ. हौशी रेडिओवाल्यांचा ‘नोड’ नावाचा एक प्रोग्राम आधीपासून होता. मग जावास्क्रिप्ट चालवणारं नोडजेएस आलं, त्यालाही तेच नाव हवं. वेगळं काम करणाऱ्या दोन प्रोग्रामांना एकच नाव चालत नाही, आणि एकमत झालं नाही तर दोन्हींची नावं बदलायची, असा तेव्हा नियम होता. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. २०१२ मध्ये, असे वाद सोडवणाऱ्या डेबियनच्या तांत्रिक समितीने नोडजेएसला ‘नोडजेएस’ याच नावाने यायला सांगितलं. ‘नोड’ हेच नाव हवं असेल त्याने वेगळं छोटं पॅकेज घ्यायचं. पण जगभरच्या स्क्रिप्टांच्या पहिल्याच ओळीत ‘नोड’ लिहिलेलं, त्या डेबियनवर अडायच्या. २०१७ मध्ये समितीनेच तो निर्णय मागे घेतला. यात कुणाची मानहानी झाली असं मला वाटत नाही. परिस्थिती बदलली की वाक्य बदलतं, म्हणून मसुद्यात कारण लिहून ठेव. पाच वर्षांनी तो नियम काढायला येणाऱ्याला ते लागेल.

आणि माणसं तोडू नकोस. २०१४ च्या फेब्रुवारीत मशीन सुरू करायला सिस्टमडी वापरायचा निर्णय त्याच समितीत अध्यक्षांच्या निर्णायक मतावर झाला. वाद मात्र वर्षभर धुमसला. नोव्हेंबरात समितीतल्या काहींनी पद सोडलं, आणि पॅकेज बांधायचं साधन डेबहेल्पर लिहिणारे जोई हेस प्रकल्पातूनच बाहेर पडले. आजही असंख्य पॅकेजेस त्यांच्या त्या साधनावर बांधली जातात. त्या महिन्याची आठवण आली की अजून वाईट वाटतं. म्हणून विरोध करणाऱ्याचं म्हणणं आधी तुझ्या शब्दांत मांड आणि ‘‘बरोबर समजले ना?’’ असं विचार. रागाने लिहिलेलं उत्तर रात्री पाठवू नकोस, सकाळी वाच. आणि गप्प बसलेल्यांना संमती दिली असं धरू नकोस. कितीतरी जण थकून गप्प असतात.

तुझ्या तीन पॅकेजांपैकी दोनांत ‘डेबियन/टेस्ट्स’ फोल्डरच नाही, हे मी काल पाहिलं. मसुदा आठवडाभर थांबू दे. रविवारी लॅपटॉप घेऊन ये, त्या दोन्ही टेस्ट आधी लिहून टाकू.