कुत्र्याला जाकीट शिवण्याआधी

फाल्गुन लागला की साताऱ्यात माझ्या मशीनवर परकर-पोलक्यांच्या जोडीला हल्ली कुत्र्यांची जाकिटंही येतात. पाडव्याच्या फोटोत घरच्या पॉमेरियनलाही खणाचं हवं असतं. हौसेला माझी ना नाही. पण सांगलीला बहिणीकडे जे पाहिलं, तेव्हापासून माप घेण्याआधी मी चार गोष्टी ऐकवते.

पाडव्याच्या भर दुपारी तिच्या शेजाऱ्यांनी आपला पॉम गच्चीवर फोटोला बसवला होता. अंगात खणाचं जाकीट, आतून सॅटिनचं अस्तर, काखेखाली करकचून वेल्क्रो. जीभ हातभर बाहेर, लाळेची चिकट तार लोंबतेय, आणि ‘बघा, कसा हसतोय’ म्हणून सगळे खूश. उठायला गेला तर मागचे पाय लटपटले. जाकीट काढून सावलीत आणला, पोटावर नि जांघेत साधं पाणी ओतलं, पंखा लावला आणि तसाच डॉक्टरांकडे पळवला. ताप १०५ फॅरनहाइट! वाचला बिचारा, काखेतली कातडी मात्र सोलवटली होती.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना येतो तेवढाच. बाकी सारी भिस्त धापेवर. पॉमच्या अंगावर केसांचा दुहेरी थर मुळातच असतो. पग, शित्झू या चपट्या नाकाच्यांना तर धापही धड टाकता येत नाही.

म्हणून पाडव्याला गळ्यात खणाचा तिकोनी रुमाल पुरे. अंगभर हवंच असेल तर जुन्या मलमलीचं, एकपदरी, पोट उघडं ठेवणारं शिवा. गळा आणि छातीचं माप घेताना पट्टीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. मणी, टिकल्या, घुंगरू नकोत, चावून गिळतात. फोटो सकाळी उन्हाआधी काढा, झाला की कपडा उतरवा आणि काखा, कानामागं गोचीड चाचपा. उकडतं म्हणून पॉमचा गोटा करू नका, कातडी भाजते, नुसता विंचरा. महाबळेश्वरला पहाटे गारठा असतो, तिथं पिंशर-चिहुआहुआसारख्या विरळ केसांच्या कुत्र्याला पातळ स्वेटर चालेल, पण ऊन चढेपर्यंतच.

आणि कपडा चढवल्यावर कुत्रं जागच्या जागी थिजलं, तर त्याला तो नकोय. मुकाट्यानं काढा. असली जाकिटं उसवून मी उशीचे अभ्रे शिवून देते, शिलाई न घेता.