नांगर शेतातला, नांगर जहाजाचा

बोरी अरबला रात्रीच्या वर्गात वाचन चालले होते. एका काकांनी वर्तमानपत्रातील ओळ अक्षरे लावत वाचली, "वादळामुळे जहाज बंदराबाहेर नांगरले." काका थांबले. चष्मा काढून म्हणाले, "काय जी गुरुजी, शेत नांगरतात हे मले ठाऊक आहे. जहाज कसं नांगरतात? समुद्रात का पऱ्हाटी पेरतात?"

सारे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "काका, ज्याला शंका येते तोच खरा वाचतो." मग त्यांनी फळ्यावर दोन चित्रे काढली.

पहिला नांगर शेतातला. त्याचा फाळ काळ्या मातीत घुसतो. बैल ओढतात आणि माती उलटी होते.

दुसरा नांगर जहाजाचा. तो लोखंडी व फार जड असतो. त्यालाही फाळ असतात. तो साखळीला बांधून पाण्यात सोडतात. तळाच्या चिखलात किंवा वाळूत तो रुततो. पाणी जितके खोल, त्याच्या कितीतरी पट लांब साखळी सोडतात. त्यामुळे ओढ आडवी बसते आणि नांगर घट्ट धरतो. मग वाऱ्याने जहाज वाहून जात नाही. निघताना साखळी आखडून घेतात. ओढ उभी झाली की नांगर सुटतो.

दोघांचेही फाळ मातीत घुसतात. पण एक नांगर चालण्यासाठी आहे, दुसरा थांबण्यासाठी.

जहाजाच्या नांगराला इंग्रजीत 'अँकर' म्हणतात. हे ऐकून एक काकू म्हणाल्या, "टीव्हीवर बातम्या सांगते, त्या पोरीलेबी अँकर म्हणतात न जी! तिच्याजवळ कुठं नांगर आहे?"

गुरुजी म्हणाले, "नांगराचे काम धरून ठेवण्याचे. कार्यक्रमात पुष्कळ माणसे बोलतात. तो भरकटू नये म्हणून एकजण त्याला धरून ठेवतो. म्हणून तो अँकर. वस्तूचे नाव तिच्या गुणामुळे दुसऱ्याला दिले, की तो लाक्षणिक अर्थ होतो. मराठीतही असे होते. सुकाणू म्हणजे जहाज वळवण्याचे साधन. पण 'संस्थेचे सुकाणू हाती घेतले' म्हणजे तिचा कारभार हाती घेतला."

मग अर्थ ओळखावा कसा? शब्दाच्या शेजाऱ्यांना विचारावे. शेजारी शेत असेल तर नांगर एक. शेजारी जहाज असेल तर दुसरा.

शेवटी गुरुजींनी फळ्यावर एक शब्द लिहिला, 'तारण'. तारणे म्हणजे पाण्यातून पार नेणे, वाचवणे. "देवानं तारलं," असे आपण म्हणतो. पण कर्जाच्या कागदावर 'शेत तारण' असे लिहिले असेल, तर शेत वाचले असे समजू नका. कर्जाच्या हमीसाठी ते शेत अडकले आहे. कर्ज फिटले नाही, तर शेत हातचे जाऊ शकते.

काका गंभीर झाले. म्हणाले, "म्हणजे अक्षर वाचता आलं, तरी अर्थ इचारल्याबिगर सही करू नये."

"हाच आजचा धडा," गुरुजी म्हणाले.

प्रश्न
१. दोन्ही नांगरांत सारखे काय आहे? वेगळे काय आहे?
२. बातम्या सांगणाऱ्याला अँकर का म्हणतात?
३. घरातील एखादा कर्जाचा कागद वाचा. न समजलेले शब्द वहीत लिहा व उद्या वर्गात विचारा.