कळवळ्याचे हात

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७, ७:११-१५



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो. म्हणून तो आपल्याला कळला आहे, असे आपण धरून चालतो. आम्हांलाही तसेच वाटत असे. काही वर्षांपूर्वी मंडळीतील एक वृद्ध सभासद इस्पितळात शेवटच्या दुखण्यात होते. आम्ही भेटावयास गेलो, लांबलचक स्तोत्र वाचले, त्याहून लांब प्रार्थना केली. 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तो पाळीवरची परिचारिका ओल्या कापसाने त्यांचे सुकलेले ओठ टिपीत होती. मग कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या पत्नीला तिने विचारले, "आई, सकाळपासून काही खाल्लेत का?" त्या माउलीकडे आमचे लक्षही गेले नव्हते. दाखल्यातला लेवी कोण, हे त्या दिवशी आम्हांला उमगले.

१. कळवळा जवळ जातो. जखमी मनुष्याला तिघांनीही पाहिले. जवळ गेला तो एकच. ३३व्या वचनातील 'कळवळा' या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दाचा संबंध आतड्यांशी आहे. 'आतडे तुटते' असे आपण म्हणतो, तेच हे. पण शोमरोनी नुसता हळहळला नाही. त्याने तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतली. परिचारिकेचा दिवस याहून वेगळा काय असतो?

२. कळवळा शिकून घ्यावा लागतो. इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्सबाई (१९१८-२००५) या मुळात परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या इस्पितळातच समाजसेविका झाल्या. तेथे डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडचा ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथास लागला होता. बाई त्याच्याजवळ बसत, बोलत. १९४८ मध्ये तो वारला. बाईंच्या भावी आश्रयगृहाच्या एका खिडकीसाठी त्याने पाचशे पौंड ठेवले. केवळ गोड शब्दांनी वेदना शमत नाही, हे जाणून बाईंनी वैद्यकीचे शिक्षण घेतले व १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध द्यावे, असा त्यांचा आग्रह असे. दुखणे केवळ शरीराचे नसते. मन, घरदार व आत्मा यांचेही असते, हे त्यांनी वैद्यकजगाला शिकविले. भारतातील पहिले असे गृह, 'शांती आवेदना सदन', १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली.

३. कळवळा घरच्यांनाही पाहतो. नाईन गावाच्या वेशीवर प्रभूला कळवळा आला तो त्या विधवा आईचा. लूकाने तेथेही तोच ग्रीक शब्द योजिला आहे. खाटेवर एकच जण असतो, पण आजारी सारे घर पडते. रात्र जागून काढणाऱ्या मुलीला "तुम्ही घटकाभर पडा, मी आहे" असे म्हणणारी परिचारिका त्या घराचीच शुश्रूषा करीत असते.

४. बरे होणे म्हणजे काय? आमचे ते वृद्ध बंधू घरी परतले नाहीत. परंतु ते एकटे गेले नाहीत, तहानलेले गेले नाहीत. आणि त्यांची पत्नी आजही त्या परिचारिकेसाठी प्रार्थना करते. आजार जात नाही तेथेही भय जाऊ शकते, एकटेपण जाऊ शकते. हेही बरे होणेच आहे.

शिक्षकांसाठी प्रश्न :
(१) शोमरोन्याने केलेल्या कृती मुलांकडून क्रमाने लिहून घ्या. त्यांपैकी कोणती आपल्या वर्गाला करता येईल?
(२) आपल्या मंडळीत कोणाच्या घरी दीर्घ आजार आहे? तेथे शुश्रूषा करणाऱ्याला एक रात्र विसावा कोण देईल?

पुढच्या खेपेस इस्पितळात जाल, तेव्हा प्रार्थना थोडक्यात करा आणि सोबत घरच्यांसाठी डबा न्या. देवबाप आपले हात आपल्या शब्दांइतके तत्पर करो. आमेन.