पायाखालची जमीन आणि हातातली केरसुणी



सकाळी उठलं की आपल्या हातात आधी येते ती केरसुणी. अंगण झाडायचं, घर झाडायचं, मातीची जमीन असेल तर आठवड्याला सारवायचं. या कामाला आपण काम म्हणतो का? आजच्या पाठात आपण सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये जाऊ या. तिथे गरिबाच्या घरात आणि राजाच्या किल्ल्यात पायाखाली काय असायचं, ते पाहू.

लव्हाळ्याचं अंथरूण

इंग्लंड थंड आणि ओलसर देश. शेतकऱ्याच्या घरात चोपून घट्ट केलेली मातीची जमीन असे. मोठ्या वाड्यात आणि किल्ल्यात खाली माती किंवा दगडी फरशी आणि माडीवर लाकडी फळ्या असत. पाय गारठू नयेत, ओल वर येऊ नये म्हणून त्यावर लव्हाळे पसरायचे. लव्हाळा पाणथळ जागी आपोआप वाढतो. उन्हाळ्यात तो कापून आणायचा आणि जमिनीवर अंथरायचा. पुढे त्याच्या चटयाही विणू लागले.

वास चांगला यावा म्हणून त्यात सुगंधी पाला मिसळत. थॉमस टसर नावाच्या शेतकरी लेखकाने 1573 साली अशा झाडपाल्याची यादीच छापली. तिच्यात पुदिना, बडीशेप, गुलाब, लॅव्हेंडर आणि आपल्या तुळशीच्या जातीचं एक झुडूपही आहे.

वर हिरवं, खाली घाण

किल्ल्याच्या मोठ्या दालनात जेवणावळी होत, कुत्री फिरत, नोकरमाणसं रात्री तिथेच झोपत. अन्न सांडे, दारू सांडे. लव्हाळे वेळेवर काढून टाकले तर ठीक. पण पुष्कळ ठिकाणी जुन्यावरच नवा थर टाकत. इरॅस्मस हा डच विद्वान सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये राहून गेला. त्याने एका पत्रात लिहिलं आहे की वरचा थर बदलतात, पण खालचा कधी कधी वीस वर्षं तसाच राहतो. त्यात थुंकी, कुत्र्यांचं मूत, माशांचे काटे सगळं कुजत असतं. रोगराईचं एक कारण हेच असावं, असं त्याला वाटत होतं.

म्हणजे वरून अंथरलं की स्वच्छ दिसतं, पण खालचं उचलल्याशिवाय स्वच्छ होत नाही. आपल्या घरातली चटई, सतरंजी, प्लॅस्टिकचा कागद यांनाही हेच लागू आहे. त्यावर आपली लेकरं रांगतात.

राणीच्या महालात

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पक्की फरशी केली. लाल मातीच्या ओल्या फरशीवर लाकडी ठसा दाबायचा, खळग्यात पांढरी माती भरायची, वर चकाकी देणारा लेप लावून भट्टीत भाजायची. अशी नक्षीदार जमीन 1250 च्या सुमारास क्लॅरेंडनच्या राजवाड्यात राणीच्या दालनासाठी केली होती. तिचे तुकडे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

1255 साली स्पेनमधून एलिनॉर नावाची राजाची सून आली. तिच्या खोल्यांत स्पेनच्या रीतीप्रमाणे जमिनीवरही गालिचे अंथरले होते. ते पाहून लंडनच्या लोकांनी नाकं मुरडली. गालिचा इतका महाग, की तो पायाखाली घालणं त्यांना उधळपट्टी वाटली. पुढेही कितीतरी वर्षं इंग्लंडमध्ये गालिचे टेबलावरच पसरत.

मातीत उमटलेली मेहनत

आता परत गरिबाच्या घरी येऊ. यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं ओसाड पडलेलं गाव आहे. तिथे 1950 पासून चाळीस वर्षं उत्खनन चाललं. घरांच्या मातीच्या जमिनी मधोमध खोलगट झालेल्या सापडल्या. अभ्यासकांनी कारण सांगितलं: पुन्हा पुन्हा झाडून झाडून माती झिजली होती!

विचार करा. किल्ल्यातल्या लव्हाळ्यावर किती पैसे गेले, ते वहीत लिहिलेलं असायचं. गरिबाच्या घरातल्या झाडण्याची नोंद कोणी केली नाही. पण ती मेहनत जमिनीतच उमटून राहिली. आपण मात्र जमीन झिजायची वाट का पाहायची? आपल्याकडे वही आहे, लिहिता येतं.

पुढच्या बैठकीत बोलू या

१. घरातलं अंथरूण उचलून खालची जमीन शेवटची कधी झाडली, वाळवली? आठवड्याचा एक वार ठरवा.

२. झाडणं, पुसणं, सारवणं यात रोज किती वेळ जातो? एक आठवडा लिहून ठेवा आणि गटात वाचून दाखवा.

३. हे काम घरातलं आणखी कोण करू शकेल? नवऱ्याच्या, मुलाच्या हातात केरसुणी द्यायला काय हरकत आहे?

जिने घर झाडलं तिचं नाव त्या गावात कोणाला ठाऊक नाही. तुमच्या कामाची नोंद मात्र तुमच्याच अक्षरात राहू द्या.