डोळे मिटणारे आणि एकत्र खेळणारे

प्रश्न : इंग्रजी बातम्यांत कॉन्स्पिरसी, कोल्यूजन, कनायव्हन्स, कॉम्प्लिसिटी हे शब्द सतत येतात. शब्दकोश उघडावा तर जवळजवळ सगळ्यांपुढे 'संगनमत'. मग इंग्रजांनी चार शब्द ठेवले कशाला?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चूक कोशाची. नेमका शब्द सुचला नाही की 'संगनमत' ठेवून पुढे जायचे, ही आपली जुनी सोय आहे. यात सगळ्यात जास्त अन्याय होतो तो कनायव्हन्सवर, म्हणून आधी तोच घेऊ. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ डोळे मिटणे. वाळूचे ट्रॅक्टर रात्री गावातून जातात आणि ज्याने अडवायचे तो पांघरूण ओढून झोपतो, हे कनायव्हन्स. त्याने पैसे घेतले असतीलच असे नाही; बेत ठरला तेव्हा तो तिथे नसेलही. पण त्याला ठाऊक होते आणि अडवणे त्याचे काम होते. मराठीत याला डोळेझाक म्हणतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच अवयव निवडला, याची मला गंमत वाटते. एक खूण सांगतो : 'कनायव्ह'पुढे 'अ‍ॅट' आले तर डोळेझाक, 'विथ' आले तर मात्र गडी आतून सामील आहे.

कोल्यूजनच्या मुळाशी आहे एकत्र खेळणे. बाहेरून प्रतिस्पर्धी, आतून एकाच संघातले. तीन ठेकेदार वेगवेगळे लिफाफे भरतात, पण टेंडर कोणाला सुटणार हे आदल्या रात्रीच ठरलेले असते. आपल्याकडे त्याला 'मॅनेज' म्हणतात. पण या शब्दाचा खरा मासला इंग्लंडच्या घटस्फोट-कोर्टांत सापडतो. १९३७ पर्यंत तिथे घटस्फोटाला व्यभिचार हेच जवळजवळ एकमेव कारण चाले. भांडण नसलेल्या, फक्त वेगळे व्हायचे असलेल्या जोडप्याने करायचे काय? नवरा समुद्रकाठच्या हॉटेलात भाड्याच्या बाईबरोबर रात्र काढी, बहुधा पत्ते खेळत. सकाळी चहा घेऊन आलेली मोलकरीण पुढे साक्ष देई. बायको वादी, नवरा प्रतिवादी, आणि नाटक दोघांचे. हेच कोल्यूजन. किंग्ज प्रॉक्टर नावाचा सरकारी अधिकारी अशी प्रकरणे हुडके, आणि पकडले गेले की घटस्फोट बुडाला. ए. पी. हर्बर्ट यांनी यावर १९३४ मध्ये 'होली डेडलॉक' ही कादंबरी लिहिली. पुढे ते खासदार झाले आणि १९३७चा सुधारणा कायदा त्यांनीच पुढे रेटला.

हा वारसा आपल्याकडेही आला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ मूळ इंग्रजीत वाचा. व्यभिचाराच्या कारणावर अर्ज करणाऱ्याने त्याकडे 'कनायव्ह' केलेले नसावे, असे एक पोटकलम म्हणते. दुसरे म्हणते, अर्ज समोरच्याशी 'कोल्यूजन' करून आणलेला नसावा. दोन्हीकडे संगनमत लिहिले तर कलमाचा अर्धा अर्थ गेला. पहिल्यात जोडीदाराच्या भानगडीकडे डोळेझाक आहे, दुसऱ्यात न्यायाधीशाच्या डोळ्यांत धूळ.

कॉन्स्पिरसी म्हणजे कट. मूळ अर्थ एकत्र श्वास घेणे. डोके डोक्याला लावून कुजबुजणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. एकट्याचा कट होत नाही, किमान दोघे लागतात. गुन्हा करायचे पक्के ठरले की ते ठरणेच गुन्हा. पुढे काही घडले नाही तरी सुटका नाही. इंग्रजांनी ही तरतूद १९१३ मध्ये आपल्या दंडसंहितेत १२०-अ म्हणून घातली. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१मध्ये आहे. कोल्यूजन आणि कॉन्स्पिरसी यांतली दरी २०१९ मध्ये अमेरिकेत सगळ्यांना दिसली. ट्रम्प यांच्या निवडणूक-प्रचाराचे रशियाशी साटेलोटे होते का, याचा तपास चालला होता. ट्रम्प 'नो कोल्यूजन' म्हणत राहिले, आणि तपास करणारे विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्या अहवालाने स्पष्ट केले की कोल्यूजन ही तिथल्या संघराज्याच्या फौजदारी कायद्यातली संज्ञाच नाही, म्हणून तपास कॉन्स्पिरसीच्या मापाने केला. टीव्हीवर एक शब्द, कागदावर दुसरा.

राहिली कॉम्प्लिसिटी. एकाच घडीत दुमडले जाणे. बेत तुमचा नसेल, पण हात लागलेला आहे : सहभाग. अकम्प्लिस याच घराण्यातला, म्हणजे साथीदार. तोच फिरला आणि कोर्टाने माफी दिली की आपण त्याला माफीचा साक्षीदार म्हणतो. इंग्रजीत तो अ‍ॅप्रूव्हर, पण पसंती देणारा असा त्याचा इथे अर्थ नाही.